कळतं, पण बोलत नाही

आमच्या मराठी शाळेत मुलांची नावं घालायला आलेले आईबाप एक वाक्य हमखास म्हणतात: "ताई, त्याला कळतं सगळं, फक्त बोलत नाही." पाठोपाठ दुसरं वाक्य येतं: "एकदा लिहायला-वाचायला आलं की बोलेल." पहिलं वाक्य खरं असतं. दुसऱ्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

आठवडाभर मी न्यू जर्सीत एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट असते आणि रविवारी सकाळी मुलांची काकू. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली अमेरिकेत अशा शाळा गावोगाव भरतात. जागा भाड्याची, शिकवणारे हौशी, खाऊ पालकांनी आळीपाळीनं आणायचा. उत्साहाला तोटा नाही. तोटा वेळेचा आहे, आणि तो केवढा आहे हे कोणी मोजून बघत नाही.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची व्हर्जिनियात आर्लिंग्टनला स्वतःची भाषाशाळा आहे, फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट. वकिलातींत जाणारे अधिकारी तिथे भाषा शिकतात. मोठी माणसं, छोटे वर्ग, आणि शिकण्याचाच पगार. तरी त्या संस्थेचा अंदाज असा, की इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिश कामापुरती यायला साधारण ३० आठवडे लागतात आणि हिंदी यायला ४४, म्हणजे वर्गातले सुमारे ११०० तास. तीन लिंगं शिकवताना मराठी हिंदीहून सोपी असेल असं मला तरी कधी वाटलं नाही. आता आमचा हिशेब मांडा. रविवारचा दीड तास. सुट्ट्या, बर्फ आणि सॉकरच्या मॅचेस वगळता वर्षाला तीसेक रविवार. झाले ४५ तास. या चालीनं ११०० तास भरायला २४ वर्षं लागतील. तोवर पोरगं लग्नाचं होईल.

म्हणजे रविवारच्या शाळेत भाषा शिकून होईल ही आशाच सोडावी. पण त्या अधिकाऱ्यांकडे नसलेली एक पुंजी आमच्या मुलांकडे असते. जन्मल्यापासून "जेवायला चल", "बूट बाहेर काढ", "किती वेळा सांगू?" हे हजारो तास कानावरून गेलेलं असतं. ते तोंडात कसं आणायचं, एवढाच प्रश्न.

कॅनडात हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुढे आला. इंग्रजी घरांतल्या मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवायचे, असा प्रयोग तिथे १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळ सुरू झाला आणि देशभर पसरला. काही वर्षांत ऐकण्या-वाचण्यात ही मुलं फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचली. बोलण्यात आणि लिहिण्यात मात्र मागेच राहिली. टोरांटोच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्याचं कारण मांडलं. ऐकताना प्रसंगावरून अर्थ लागतो, प्रत्ययांकडे लक्ष न देताही भागतं. बोलायला तोंड उघडलं की क्रियापद कुठल्या रूपात ठेवायचं हे ठरवावंच लागतं. आपल्याला काय येत नाही ते तिथे कळतं. आमच्या वर्गातल्या मुलाला "पाणी सांडलं" कळतं, पण स्वतः सांडल्यावर तो "पाणी सांडला" म्हणतो. त्याला आजवर ती अनुस्वाराची भानगड सोडवायची वेळच आलेली नसते.

मग वही गिरवून काय होतं? वहीचा मोठा गुण हा, की ती आईबापांना दाखवता येते. बोलणं हवेत विरतं, बाराखडी कागदावर राहते. पण समोर बघून उतरवणं आणि आठवून काढणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हे फार स्वच्छ दिसलं. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द अर्थासकट पाठ करायला दिले; तो अभ्यास २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. शब्द एकदा आठवला की काही गटांना तो पुन्हा पुन्हा विचारत राहिले. काही गटांना विचारणं थांबवलं. त्यांतल्या काहींनी तो नुसता वाचत राहायचा. आठवड्यानं विचारत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, विचारणं थांबवलेल्यांना एक तृतीयांशाच्या आसपास. वाचत राहण्यानं जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. मला त्यातली सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. तुम्हाला किती आठवतील, असं आधी विचारलं तेव्हा सगळ्या गटांचा अंदाज निम्म्याच्या आसपास होता. आपण चांगलं शिकतोय की वाईट, हे शिकणाऱ्याला आतून समजत नाही. ओळखीचा शब्द दिसला की येतो असंच वाटतं. मोबाइलवर चार पर्यायांतून एक निवडायचे खेळ तासन्‌तास खेळूनही टॅक्सीवाल्याशी बोलताना दातखीळ बसते, ती यामुळेच.

म्हणून आमच्या वर्गाची पहिली दहा मिनिटं पुस्तकं बंद असतात. गेल्या रविवारचं विचारायचं, त्याच्या आधीच्या महिन्यातलंही विचारायचं. थोडं विसरायला झालेलं असतानाच विचारलं, की आठवायला जोर लागतो आणि तो जोरच उपयोगी पडतो. मुलं कुरकुरतात. कुरकुर मराठीत केली तर चालते.

आणि घरचा अभ्यास असतो फोनचा. भारतातल्या आजी-आजोबांना असं काही विचारून यायचं, जे आईबाबांनाही माहीत नाही. आजी-आजोबा इंग्रजी बोलायला लागले की सगळं मुसळ केरात, आणि हल्ली बरेच बोलतात, नातवाशी तर कौतुकानं बोलतात. चौथीतल्या एका मुलाची कराडची आजी मात्र खमकी निघाली. "इंग्रजीत बोललास की मला ऐकूच येत नाही," असं तिनं त्याला ठणकावलं.

तो आला तो कोयनेचा भूकंप घेऊन. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, आजी तेव्हा त्याच्याएवढीच. हातात कागद नव्हता, कारण कागद आणायला बंदी आहे.

"आजी झोपली होती. घर हललं. मग... ते भिंतीत असतं ना, दार असतं त्याला..."

"फडताळ," मी म्हटलं. अडलेला शब्द द्यायला माझी ना नाही.

"हां, आजी तेच म्हणाली. फडताळातून भांडी पडला."

"भांडी काय झाली?"

मागून दोघी ओरडल्या, "पडली!" त्यानं वाक्य पहिल्यापासून म्हटलं, नीट म्हटलं, आणि पुढे गेला.

मी "पडली" स्वतः म्हणून मोकळी झाले असते, तर तो मान हलवून पुढे गेला असता. मॉन्ट्रियल भागातल्या फ्रेंच वर्गांत रॉय लिस्टर आणि लायला रांटा यांनी १९९७ मध्ये हेच नोंदवलं. शिक्षक बहुतेक वेळा चूक आपणच सुधारून बोलतात, आणि नेमक्या त्याच पद्धतीनं मुलं स्वतःहून दुरुस्ती सगळ्यात कमी करतात. प्रश्न परत विचारला की ती करतात.

गोष्ट संपल्यावर वर्गानं त्याला धारेवर धरलं. गाय होती का? ती पळाली का? त्याला माहीत नव्हतं. पुन्हा फोन करणं आलं.

कॅलिफोर्नियानं २०११ मध्ये कायदा करून दोन भाषा येणाऱ्या बारावीच्या मुलांच्या डिप्लोमावर 'सील ऑफ बायलिटरसी' ही मुद्रा उमटवायला सुरुवात केली. आता न्यू जर्सीसह बऱ्याच राज्यांत ती मिळते. कॉलेजच्या अर्जात ती शोभते, म्हणून काही पालकांना मराठीचा एकदम उमाळा आला आहे. येऊ दे. त्या मुद्रेला नुसतं कळून भागत नाही, बोलावं आणि लिहावंही लागतं.

लिहिणं आम्ही सोडलेलं नाही, फक्त त्याची पाळी मागे नेली आहे. जी गोष्ट तोंडानं सांगून झाली तीच आधी लिहायची. त्यात फ, ड, ळ आपोआप येतात. कराडच्या आजींना आता दर आठवड्याला वहीचा फोटो जातो. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, हे आम्हाला उशिरा कळलं. लाल खुणा करून त्या तो परत पाठवतात, आणि ऱ्हस्व-दीर्घात आमच्याहून कडक आहेत.