झाकण जाड हवे की घट्ट?

अलास्कातील फेअरबँक्स हे गाव उत्तर ध्रुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे दोनशे किलोमीटरांवर आहे. हिवाळ्यात तेथे पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरला तरी गावकऱ्यांना त्याचे फारसे नवल वाटत नाही. उणे ४० हा आकडा मोठा गमतीचा आहे. सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन्ही मोजपट्ट्या येथे एकच अंक दाखवतात!

अशा थंडीतही तेथील काही घरांच्या अंगणात, अगदी उघड्यावर, गरम पाण्याचा मोठा टब असतो. त्याला 'हॉट टब' म्हणतात. माणसे त्यात गळ्यापर्यंत पाण्यात बसतात. अंगाला छान ऊब मिळते आणि ओल्या केसांवर मात्र बर्फ जमते! वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडे तुम्ही पाहिली असतील. तेथे पाणी तापवण्याचे काम जमीनच फुकट करते. अलास्कातल्या अंगणात ते काम विजेला करावे लागते. शिवाय हे पाणी रोज ओतून देत नाहीत. ते हिवाळाभर, रात्रंदिवस गरमच ठेवावे लागते. माणसे टबात बसणार दिवसातून अर्धा-पाऊण तास. उरलेला सगळा वेळ टबाची राखण कोण करते? त्याचे झाकण!

मग हे झाकण कसे निवडावे? तुम्ही म्हणाल, "त्यात काय अवघड? सगळ्यात जाड असेल ते घ्यावे!" थांबा. आधी थोडे गणित करू.

जाडीचा हिशेब

आपला टब दोन मीटर लांब व दोन मीटर रुंद आहे असे धरू. म्हणजे झाकणाचे क्षेत्रफळ ४ चौरस मीटर झाले. टबात १५०० लिटर पाणी आहे. पाण्याचे तापमान ४० अंश, बाहेरचे उणे ४०. दोहोंतला फरक झाला ८० अंश.

झाकणाच्या पोटात असतो आपल्या ओळखीचा थर्माकोल. नव्या दूरदर्शन संचाच्या खोक्यात येतो, तोच पांढरा, दाणेदार पदार्थ. थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के जागा हवेनेच व्यापलेली असते. हवा ही उष्णतेची मंद वाहक. पण ती मोकळी असली की अभिसरणाने फिरू लागते आणि उष्णता उचलून नेते. थर्माकोलच्या इवल्या इवल्या कप्प्यांत ती कोंडली जाते. तिला फिरताच येत नाही. म्हणूनच नुसत्या हवेने फुगवलेल्या पिशवीपेक्षा तेवढ्याच जाडीचा थर्माकोल उष्णता अधिक चांगली अडवतो.

एक मीटर जाडीच्या आणि एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या थर्माकोलच्या दोन बाजूंत एक अंशाचा फरक असेल, तर त्यातून सुमारे ०.०३६ वॅट इतकी उष्णता जाते. आता आपल्या झाकणाची जाडी १० सेंटिमीटर, म्हणजे ०.१० मीटर घेऊ.

०.०३६ × ४ × ८० ÷ ०.१० = सुमारे ११५ वॅट

जाडी १५ सेंटिमीटर केली तर हाच आकडा ७७ वॅटवर येतो. म्हणजे पाच सेंटिमीटर जास्तीच्या थर्माकोलने आपण ३८ वॅट वाचवले. हा फायदा हिवाळाभर चोवीस तास मिळतो, तेव्हा तो लहान नव्हे. पण आता हिशेबाची दुसरी बाजू पाहा.

चार चमचे वाफ

पाण्याची वाफ होताना ती आपल्याबरोबर पुष्कळ उष्णता घेऊन जाते. तिला 'सुप्त उष्णता' म्हणतात. ४० अंशांच्या पाण्यातून एक ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले, की सुमारे २४०० जूल उष्णता गेली म्हणून समजा. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता जाते, तेवढीने ५७५ लिटर पाणी एक अंशाने थंड होईल!

बहुतेक झाकणे मधोमध दुमडणारी असतात, कारण अखंड झाकण उचलणे एकट्यादुकट्याचे काम नाही. या दुमडीपाशी दोन थर्माकोल पट्ट्यांमध्ये फट राहते. समजा, त्या फटीतून तासाला फक्त ६० ग्रॅम वाफ निसटते. ६० ग्रॅम म्हणजे किती? चार मोठे चमचे पाणी!

६० × २४०० ÷ ३६०० = ४० वॅट

पाहिलेत? पाच सेंटिमीटर जास्तीच्या थर्माकोलने जे कमावले, ते चार चमचे वाफेने गमावले! म्हणून जाडी विचारण्याआधी घट्टपणा पाहायला हवा. दुमडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत मऊ थर्माकोलची किंवा फोमची सलग पट्टी आहे का? झाकणाची कडा टबाच्या काठावर सगळीकडे सपाट टेकते का? बाजूने खाली लोंबणारी झालर आहे का? हे पहिले प्रश्न. जाडीचा प्रश्न त्यानंतरचा.

शत्रू आतला

झाकणाचा शत्रू कोण, असे विचारले तर कोणीही बाहेरच्या बर्फाकडे बोट दाखवील. खरा शत्रू मात्र आत आहे. तोही वाफच!

४० अंशांच्या पाण्यावरील बाष्पदाब हा उणे ४० अंशांच्या हवेतील बाष्पदाबाच्या पाचशे पटींहून अधिक असतो. त्यामुळे वाफ सतत बाहेर पडायची वाट शोधत असते. थर्माकोलचे दाणे एकमेकांना चिकटलेले असले, तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतात. वाफ त्यांत शिरते, वर वर जाते आणि थंड थरात पोहोचली की तिचे पाणी होते. त्याहून थंड थरात बर्फ होते. पाणी हवेच्या वीस पटींहून अधिक उष्णता वाहून नेते आणि बर्फ तर पाण्याच्याही तिप्पट-चौपट. मग थर्माकोल नावापुरताच उरतो.

आपल्या १० सेंटिमीटर जाड झाकणात सुमारे ४०० लिटर आकारमानाचा थर्माकोल आहे. त्याच्या नुसत्या दहाव्या भागात पाणी शिरले, तर झाकणाचे वजन ४० किलोने वाढते. एके दिवशी झाकण उचलता उचलेनासे झाले, की ते भिजले आहे हे ओळखावे.

यावर उपाय म्हणून थर्माकोलभोवती पॉलिथिनचा कागद गुंडाळतात. तो जाड हवा आणि त्याचे सांधे उष्णतेने वितळवून जोडलेले हवेत. नुसती चिकटपट्टी लावलेली असेल तर ती वाफेने सुटते. शिवाय पाण्यावरच तरंगणारी एक पातळ प्लॅस्टिकची चादर पसरतात. ती वाफ जेथे जन्मते तेथेच अडवते आणि झाकणाचे आयुष्य वाढवते.

बर्फाचे ओझे

बाहेरचा बर्फ अगदीच निरुपद्रवी आहे असेही नाही. ताज्या, भुसभुशीत बर्फाचा ३० सेंटिमीटरांचा थर झाकणावर पडला आणि त्याचे वजन दर घनमीटरला १०० किलो धरले, तर झाकणावर १२० किलोंचे ओझे येते. तोच बर्फ दिवसेंदिवस साठून दबत गेला, की ओझे आणखी वाढते. म्हणून बर्फाळ प्रदेशात अधिक घनतेचा, म्हणजे अधिक बळकट थर्माकोल निवडतात आणि दुमडीपाशी धातूची पट्टी घालतात. झाकण मध्यभागी जाड व कडेला पातळ ठेवतात. त्या उतारावरून वितळलेले पाणी निथळून जाते. वरचे व्हिनाइल कापडही कडाक्याच्या थंडीत ताठर होऊन तडकणार नाही असे लागते. पट्टे आणि कुलूपही हवेच. वाऱ्याने झाकण उडू नये, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे लहान मूल टबात पडू नये, म्हणून.

गंमत अशी, की झाकण चांगले आहे की वाईट याची साक्ष हा बर्फच देतो. बर्फ पडून गेल्यावर झाकणाकडे पाहावे. सगळीकडे सारखा थर असेल तर झाकण आपले काम चोख करीत आहे. मधल्या दुमडीवर बर्फ वितळून पट्टा उघडा पडला असेल किंवा काठाशी हिमकणांची दाढी फुटली असेल, तर चोर तेथेच आहे!

वीज गेली तर?

झाकणाची खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. पाणी तापवणे थांबते, पंपही थांबतो. पाण्याचे बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगते आणि नळ्या फोडते. टबातले पाणी पुष्कळ असल्याने ते सावकाश निवते. बारीक नळ्यांतले लवकर गोठते.

आपल्या टबातून ११५ वॅट उष्णता जात असेल, तर एवढ्याने १५०० लिटर पाणी एक अंश निवायला सुमारे १५ तास लागतात. अर्थात टबाच्या बाजूंतून व तळातूनही थोडी उष्णता जातेच. उलट, उघड्या टबातून तासाला २.६ लिटर पाणी वाफ होऊन गेले, तर केवळ त्यामुळेच तो दर तासाला एक अंश थंड होईल. घरच्यांना नळ्या वाचवण्यासाठी जो वेळ मिळतो, तो घट्ट झाकणाचा प्रसाद!

करून पाहा

आता हे तुम्हीच पडताळून पाहा. एकाच मापाचे दोन पेले घ्या. मोठ्या माणसांच्या मदतीने दोहोंत सारखेच, सुमारे ६० अंशांचे पाणी ओता. एक पेला उघडा ठेवा. दुसऱ्यात पाण्यालाच टेकेल असा प्लॅस्टिकच्या पिशवीचा गोल तुकडा तरंगत ठेवा. दर पाच मिनिटांनी दोन्ही तापमाने वहीत टिपा. अर्ध्या तासाने आलेख काढा. प्लॅस्टिक कागदासारखे पातळ आहे, म्हणजे उष्णतारोधक म्हणून त्याची किंमत जवळजवळ शून्य! तरीही त्याच्याखालचे पाणी अधिक गरम राहिलेले तुम्हाला दिसेल. का बरे?

उत्तर तुम्हाला ठाऊक आहेच. आईने दुधाच्या पातेल्यावर ठेवलेले झाकण काढाल, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला लागलेले थेंबही तेच सांगतील.