भाताची जमीन, मुळ्याचा वाफा

पहाटे ५.४५
पोदेराचा भोंपू वाडीच्या वळणावर वाजतो. काकी सहा पाव घेते. पाचाला एक, तीस रुपये सुटे. कोरगाव, पेडणे तालुका, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. तिचा थोरला मोपाच्या विमानतळावर सामान चढवायला असतो. रात्रपाळी करून अजून आलेला नाही. कुदळ आणि पिकास रात्रभर बादलीत बुडवून ठेवल्यात. लाकूड फुगलं की दांडा ढिला पडत नाही.

६.३०
भात कापून पंधरा दिवस झालेत. धसकटं उभीच आहेत. काकी मध्यभागी बसते, कुदळीनं वीतभर उकरते, मूठभर माती दाबते. गोळा होतो. अंगठ्यानं टोचला की फुटतो.

"हाताक चिकटना. वाफसा आसा," ती म्हणते आणि हात साडीला पुसते.

तुकडा लहान आहे, २०० मीटर. इकडे मीटर म्हणजे चौरस मीटर. अर्ध्यात रताळी, अर्ध्यात मुळा. रताळी महाशिवरात्रीच्या उपवासाला, मुळा त्याच्या कितीतरी आधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला.

७.१५
पॉवर टिलर येतो. चालवणारा गावातलाच, तासाला ६०० रुपये. काम अर्ध्या तासाचं, पण पैसे तासाचे. तास भरायला तो आणखी एक फेरा मारतो. सरकारी सवलतीत स्वस्त पडलं असतं. त्याच्या कागदांना जमिनीचा एक-चौदाचा उतारा लागतो. तो मालकाच्या नावावर, आणि मालक मुंबईत.

धसकटं आडवी पडतात. बगळे यंत्रामागून चालतात. वरून पाहणाऱ्याला वाटेल, झालं काम.

८.१०
इथे खरं काम सुरू होतं. मजूर खानापूरकडचा मुलगा, विशीतला. रोज ९००, चहा-पाव वेगळा. तो नांगरट झालेल्या मातीत पिकास मारतो आणि पातं टणकन थांबतं.

"काकी, हितं खाली दगड हाय काय?"

"दगड न्हय रे. ते आमचेच पाय."

ती चेष्टा करत नाही. जुलैत याच तुकड्यात गुडघाभर पाणी होतं. चिखलणी झाली, बायका ओळीनं रोप लावत मागे सरकत गेल्या. भाताला पाणी धरून ठेवणारी जमीन लागते, म्हणून माती तुडवून तुडवून तळ बंद करायचा. दरवर्षी तेच, तिच्या सासूच्या आधीपासून. टिलर त्या थराच्या वरच्यावरच फिरतो. मुळा तिथवर पोचला की अडतो. मग त्याला फाटे फुटतात, किंवा तो आखूड, जाडा होऊन बसतो. पावसाळ्यात जे मेहनतीनं केलं ते चार महिन्यांनी मेहनतीनंच मोडायचं. दोन्ही वेळा मजुरी द्यायची. मला या कामात हेच सगळ्यांत विलक्षण वाटतं. काकीला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही.

पिकास पुन्हा चालते. ढेकूळ निघतं ते निळसर करडं, तुकतुकीत, कुंभाराला आवडेल असं. काकी कुदळ उलटी धरून ते फोडते. फुटलं नाही ते बाजूला उन्हात. सुकलं की संध्याकाळी फुटेल. पिकास फक्त मुळ्याच्या अर्ध्यात चालवायची. रताळं वरंब्याच्या भुसभुशीत मातीतच पोसतं, त्याला इतकं खाली जायला नको.

१०.३०
पेज. काशाच्या वाडग्यात उकड्या तांदळाची, सोबत खारातला आंबा आणि भाजलेला सुका बांगडा. मुलगा मीठ जास्त मागतो. घामानं त्याच्या शर्टाच्या पाठीवर पांढरे डाग पडलेत.

तो सांगतो, त्यांच्याकडे लाल माती, रताळी पावसाळ्यातच घेतात, माल बेळगावच्या बाजारात जातो. घरी पाऊण एकर आहे. मग इकडे कसा? "घरच्या कामाला रोज कोण देतंय?" तो म्हणतो.

११.१५
शेणखत. गोणी ७० रुपये, पंधरा गोण्या, १०५० झाले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत घरचं होतं. आता गोठ्यात स्कूटर असते.

काकी प्रत्येक गोणीत हात घालते. थंड, काळं, चहाच्या चोथ्यासारखं सुटं हवं. अकराव्या गोणीत हाताला ऊब लागते. ती गोणी ती माडाच्या आळ्यात ओतायला लावते. कच्चं खत मुळ्याला लागलं की कंद फाटतो, अंगभर केसाळ मुळं सुटतात. सत्तर रुपये माडाला गेले.

मग राख, चुलीची, पत्र्याच्या डब्यात वर्षभर साठवलेली. आपल्या जांभ्याच्या मातीला पाऊस धुऊन आंबट करतो. राख तो आंबटपणा थोडा मारते आणि कंदाला पोटॅश देते. काकी पोटॅश म्हणत नाही. ती म्हणते, "शेण नासलें तरी चलता, राख नासल्यार चलना."

१.००
शीत, हुमण, तांबडी भाजी. वीस मिनिटं माडाखाली पाठ टेकणं. डोक्यावरून विमान उतरतं. झोपलेला मुलगा डोळे उघडत नाही.

२.१५
वरंबे. सुतळी दोन खुंट्यांना ताणायची, खोऱ्यानं दोन्ही बाजूंची माती मधे ओढायची. दोन वरंब्यांत दोन फूट. मुळ्याला मात्र रुंद गादीवाफे, वीतभर उंच, कडा हातानं थोपटलेल्या. खडा दिसला की फेकायचा. काकी वाफ्यात हात कोपरापर्यंत घालू बघते. मनगटाच्या वर अडलं तर मुलाला हाक. दोनदा हाक मारते. दुसऱ्यांदा तो काही बोलत नाही, नुसती पिकास उचलतो.

४.००
काळा चहा, उरलेले पाव. विहिरीकाठच्या वाफ्यातून काकी रताळ्याचे वेल कापते, वीतभराचे, प्रत्येकाला तीन-चार डोळे. वरंब्यांना आठशे-एक तुकडे लागतील. रात्रभर ओल्या गोणपाटात राहतील, लावणी उद्या सकाळी. मुळ्याचं बी घरचं, फेणीच्या जुन्या बाटलीत, बुचाला मेण. दरवर्षी चांगले सरळ मुळे उपटून परत लावायचे आणि फुलू द्यायचे, म्हणजे सगळ्यांत जास्त भाव येणारे तेच विकायचे नाहीत.

५.३०
सकाळची ढेकळं आता कुदळीच्या एका टोल्यात फुटतात. ती वाफ्यांवर पसरून होतात. बांधावर जुन्या साड्या बांधायचं राहिलंय. गेल्या वर्षी रानडुकरांनी एका रात्रीत दोन वरंबे उलटले होते.

६.००
हिशेब ओट्यावर. टिलर ६००, मजुरी ९००, खत १०५०, पाव ३०. एकूण २५८०. पंपाची वीज, चहा-साखर धरली नाही. काकीची मजुरीही धरली नाही, ती कधीच धरत नाही. पंचेचाळीस दिवसांनी मुळ्याची जुडी वीसला गेली, तर पहिल्या १२९ जुड्या आजच्या दिवसाच्या. तिठ्यावरच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर बेळगावचा मुळा तेव्हा काय भावानं असेल, त्यावर वीस की पंधरा ते ठरेल.

मुलगा नोटा मोजून खिशात घालतो. उद्या लावणीला येऊ का, विचारतो.

"लावणी आमी बायलो करतांव. तू शनिवारी यो, शेजारणीचो कुणगो आसा. आनी पिकास तुजी हाड, हिचो दांडो परत हालूंक लागला."