ताग एकीकडे, गिरणी दुसरीकडे

डिंकाच्या लाडवात पडणारी खारीक आणि निकाह लागल्यावर मांडवात वाटली जाणारी खारीक, दोन्ही बाजारातल्या एकाच पोत्यातून येतात. हे पोतं वर्षानुवर्षं मुख्यतः सिंधमधून, खैरपूरच्या बाजूने यायचं. २०१९ च्या फेब्रुवारीत पुलवामाचा हल्ला झाला आणि भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क बसवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापारच थांबवला. २०२५ च्या मे महिन्यात, पहलगामच्या हल्ल्यानंतर, भारताने तिथल्या सगळ्या मालावर बंदी घातली. तो थेट येवो की तिसऱ्या देशातून. पुढच्याच महिन्यात न्हावा शेवा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने ३९ कंटेनर पकडल्याचं जाहीर केलं. कागदावर माल संयुक्त अरब अमिरातीचा, प्रत्यक्षात पाकिस्तानचा, आणि त्यात खारीकही होती.

निरपराध माणसं मारली जातात तेव्हा कोणतंही सरकार हातावर हात ठेवून बसू शकत नाही. त्याबद्दल माझा वाद नाही. मला आज बोलायचंय ते त्या पोत्याच्या प्रवासाबद्दल. कराची आणि मुंबई ही एकाच समुद्राच्या काठावरची बंदरं. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. तरीही माल दुबईला वळसा घालून येतो, आणि त्या वळशाचं भाडं शेवटी लाडू वळणारीच्या पिशवीतून जातं.

मी कवितेतला माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचं. अर्थशास्त्र मला जेवढं कळतं ते माणसांच्या अंगाने. पण एक आकडा मला अस्वस्थ करतो. दक्षिण आशियातले देश आपल्या एकूण व्यापारापैकी जेमतेम ५ टक्के व्यापार एकमेकांशी करतात. आग्नेय आशियाच्या ‘आसियान’ देशांत हे प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास आहे आणि युरोपीय संघात निम्म्याहून बरंच जास्त. जागतिक बँकेने २०१८ मध्ये हिशेब मांडला होता, की या प्रदेशातला आपसातला व्यापार २३ अब्ज डॉलरचा आहे, तो ६७ अब्जांपर्यंत जाऊ शकला असता.

आपण हे सगळं ‘भांडणामुळे’ म्हणून सोडून देतो. पण जर्मनी आणि फ्रान्स काय कमी भांडले होते? ७० वर्षांत तीन युद्धं, तीही लाखांनी माणसं गिळणारी. म्हणून मला १९४९-५० ही दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघावीशी वाटतात.

आधी आपल्याकडचं पाहू. फाळणीत जमीन वाटली गेली, फौज वाटली गेली, कचेऱ्यांतली टेबलं-खुर्च्यासुद्धा वाटल्या गेल्या. पण अर्थव्यवस्था एका दिवसात कापता येत नाही. म्हणून १९४८ च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत दोन्ही देशांत जकातीची भिंत नव्हती. ३० जून १९४८ पर्यंत दोघांची मध्यवर्ती बँकही एकच होती, आपली रिझर्व्ह बँक. भारताच्या नोटांवर ‘पाकिस्तान सरकार’ असा छाप मारून त्या तिकडे चालवल्या जात. आज युरोपातल्या ज्या समान चलनाचं आपण कौतुक करतो, ते या उपखंडात होतंच. ते मोडायला वर्षसुद्धा लागलं नाही.

खरा घाव बसला तो तागावर. अखंड हिंदुस्थानातला बहुतेक ताग पूर्व बंगालच्या चिखलात उगवायचा आणि तो विणणाऱ्या गिरण्या होत्या कलकत्त्याजवळ, हुगळीच्या काठाने. पूर्व बंगालच्या वाट्याला एकही गिरणी आली नाही. पश्चिमेकडे कापसाचं तसंच. सिंध-पंजाबचा लांब धाग्याचा कापूस तिकडे राहिला आणि तो कातणाऱ्या मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या इकडे.

सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं. भारताने पाठोपाठ रुपया उतरवला. पाकिस्तानने उतरवला नाही. एका रात्रीत तिकडचे १०० रुपये म्हणजे इकडचे १४४ झाले. भारताचं म्हणणं, हा दर आम्हाला मान्य नाही. पाकिस्तानचं म्हणणं, आमच्या चलनाची किंमत आम्ही ठरवणार. दोघांचंही कायद्याने बरोबर होतं. आणि व्यापार थांबला. शेतात ताग कुजायची वेळ आली, गिरण्यांचे माग कच्च्या मालाविना अडले. १९५१ च्या फेब्रुवारीत भारताने तो दर मान्य केला, पण तोवर दोघांनीही धडा घेतला होता, आणि तो नेमका उलटा: शेजाऱ्यावर विसंबायचं नाही. भारताने पश्चिम बंगाल, आसाम, बिहारमध्ये भाताच्या जमिनीवर ताग लावायला लावला, तोही आपल्याकडे धान्याची टंचाई असताना. पाकिस्तानने नारायणगंजला आदमजी गिरणी उभारली. ती पुढे जगातली सगळ्यात मोठी तागगिरणी झाली आणि २००२ मध्ये तोट्यापायी बंद पडली. एकाच व्यवसायाचे दोन संसार झाले, दोघांचाही खर्च वाढला.

याच काळात, ९ मे १९५० रोजी, फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी पॅरिसमध्ये एक निवेदन वाचून दाखवलं. तिकडेही दुखणं तसंच होतं. दगडी कोळसा जर्मनीच्या रुर खोऱ्यात, लोहखनिज फ्रान्सच्या लोरेनमध्ये. पोलादाला दोन्ही लागतात, आणि पोलादाच्या तोफा होतात. शुमान यांची सूचना अशी, की दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका संयुक्त मंडळाच्या हाती द्यावं, ज्याचा निर्णय दोघांनाही बांधील असेल. १९५१ मध्ये पॅरिसचा करार झाला. त्यात इटली, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग हेही आले. मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले ज्याँ मॉने, ज्यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली होती. ब्रिटन बाहेर राहिला. पुढे १९५७ चा रोमचा करार, १९६८ पर्यंत आपसातली जकात संपूर्ण रद्द, २००२ मध्ये हातात खुळखुळणारा युरो.

यातली महत्त्वाची गोष्ट जकात नाही. शेजाऱ्याने रातोरात नियम बदलू नये, याची हमी त्या मंडळाने दिली. जर्मन कोळशावर भिस्त ठेवून फ्रेंच कारखानदार भट्टी बांधू शकला, कारण कोळसा अडवायचा अधिकार आता एकट्या जर्मनीच्या हाती उरला नव्हता. आपल्या तागाला अशी हमी कोणी दिली नाही.

नुसत्या जकातकपातीने काय होतं आणि काय होत नाही, हेही पाहायला हवं. जेकब व्हायनर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९५० मध्येच, म्हणजे पुन्हा तेच वर्ष, एक नाजूक मुद्दा मांडला. समजा, आपण शेजाऱ्याच्या साबणावरची जकात काढली आणि त्याचा साबण आपल्यापेक्षा खरोखर स्वस्त बनतो. मग दोघांचाही फायदा. पण समजा, सगळ्यात स्वस्त साबण दूरच्या तिसऱ्या देशात बनतो आणि केवळ त्याच्यावर जकात राहिली म्हणून आपण शेजाऱ्याचा महाग साबण घेऊ लागलो, तर तो व्यापार वाढला नाही, वाट चुकला. म्हणून प्रत्येक मुक्त व्यापार कराराकडे टाळ्या वाजवत बघू नये, असं मला वाटतं.

वनस्पती तुपाचीच गोष्ट घ्या. भारत-श्रीलंका करार २००० साली लागू झाला. बाहेरून येणाऱ्या पामतेलावर भारतात जकात भारी, श्रीलंकेत हलकी. व्यापारी डोकं लगेच चाललं. पामतेल कोलंबोला उतरवायचं, तिथे त्याचं वनस्पती करायचं आणि बिनजकातीचं भारतात धाडायचं. मालाच्या किमतीत निदान ३५ टक्के भर श्रीलंकेत पडली पाहिजे अशी अट होती, पण कागदावर भर दाखवायला किती वेळ लागतो! इथले कारखानदार ओरडले आणि शेवटी आयातीवर मर्यादा आली. दोघांनी बाहेरच्या जगासाठी एकच जकात ठरवली असती तर हा खेळ झालाच नसता. तिलाच जकातसंघ म्हणतात. पण त्यासाठी बाहेरचा दर ठरवण्याचा हक्क दोघांनी मिळून वापरावा लागतो, आणि दिल्लीला कोलंबोशी असा हक्क वाटून घ्यावासा वाटेल, हे मला कठीण दिसतं.

‘सार्क’चं घोडं इथेच अडलं. १९८५ मध्ये ढाक्याला ही संघटना जन्मली. मुक्त व्यापाराचा करार, ‘साफ्टा’, २००४ मध्ये इस्लामाबादला झाला आणि २००६ पासून लागू झाला. जकात शून्य ते पाच टक्क्यांवर आणायची होती. पण प्रत्येक देशाने ‘संवेदनशील’ वस्तूंची लांबलचक यादी बाजूला काढली. वाघ्याच्या रस्त्याने भारतातून फक्त १३७ वस्तू आणायला पाकिस्तानची परवानगी होती. काठमांडूला २०१४ मध्ये शिखर परिषद झाली; पुढची २०१६ ला इस्लामाबादमध्ये व्हायची होती, ती रद्द झाली. त्यानंतर एकही झालेली नाही.

सगळा दोष पाकिस्तानच्या माथी मारून मोकळं होणं सोपं आहे. मग आपल्या कांद्याचं काय? बांगलादेश हा आपल्या कांद्याच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. २९ सप्टेंबर २०१९ रोजी दिल्लीने निर्यात बंद केली, आणि काही दिवसांनी भारतभेटीवर आलेल्या शेख हसीना यांनी भर सभेत हसत हसत सांगितलं, की मी आचाऱ्याला जेवणात कांदा घालू नको म्हटलंय, तुम्ही आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. लोक हसले. पुढच्या सप्टेंबरमध्ये पुन्हा बंदी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये पुन्हा बंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. शुल्क पुरतं गेलं एप्रिल २०२५ ला.

बंदी आली की लासलगावात लिलावाचा भाव पडतो आणि ढाक्यात किलोचा भाव चढतो. एकच निर्णय दोन्हीकडच्या माणसाला मारतो, फक्त एकाला शेतकरी म्हणतात आणि दुसऱ्याला गिऱ्हाईक. ढाक्याचा व्यापारी मग इजिप्त, तुर्कस्तान, चीनकडे वळतो, त्यांचं सरकार स्वतःच्या शेतकऱ्याला कांदा लावायला सांगतं. १९४९ नंतर आपण तागाचं जे केलं, तेच. गेलेलं गिऱ्हाईक बंदी उठल्याच्या दुसऱ्या दिवशी परत येत नाही, हे चाळीत कांदा सडताना पाहिलेल्या आपल्या नाशिककडच्या शेतकऱ्याला कोणी सांगायची गरज नाही.

मोठ्या देशाच्या शेजारी राहण्याचा आणखी एक अनुभव नेपाळला विचारा. १९९३ पासून भारताचा १ रुपया म्हणजे नेपाळचे १ रुपया ६० पैसे, असा बांधलेला दर आहे. त्यामुळे नेपाळी मजुराला आणि दुकानदाराला सोय होते, पण पैशाचे मोठे निर्णय मुंबईच्या फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेत होतात आणि तिथे नेपाळला मत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आपल्या ५०० आणि १००० च्या नोटा बाद झाल्या, तेव्हा नेपाळी माणसाला त्या २५ हजारांपर्यंत बाळगायची कायदेशीर मुभा होती. आपल्याकडे कामाला आलेल्या कितीतरी जणांच्या घरी ही बचत डब्यात ठेवलेली होती. आपण रांगा लावून नोटा बदलल्या. नेपाळातल्या नोटा बदलून घेण्याबद्दल बोलणी होत राहिली, तोडगा निघाला नाही.

एवढं सगळं असूनही एक धागा जुळताना दिसतोय, आणि तो विजेचा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी काठमांडूला नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांनी त्रिपक्षीय करार केला. नेपाळची ४० मेगावॅट जलविद्युत ढळकेबर-मुझफ्फरपूर वाहिनीने भारतात येते, आपल्या ग्रीडमधून जाते आणि बहरामपूरहून बांगलादेशातल्या भेरामाऱ्याला उतरते. युनिटमागे दर ६.४ अमेरिकी सेंट. ढाक्यात ऑगस्ट २०२४ मध्ये सत्तापालट झाला होता, दिल्ली-ढाका संबंध ताणलेले होते. २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत भारताने बांगलादेशी मालाची आपल्या बंदरांतून पुढे जाण्याची सोय काढून घेतली, तयार कपडे खुष्कीच्या मार्गाने आणायला मनाई केली. पण जूनमध्ये, कराराप्रमाणे, वीज सुरू झाली. १५ जून ते १५ नोव्हेंबर, दरवर्षी पाच महिने. पावसाळ्यात नेपाळच्या नद्या भरून वाहतात आणि वीज उरते. हिवाळ्यात नद्या आटल्या की नेपाळ भारताकडून वीज घेतो.