बिनपायरीचं घर
अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेली ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था स्वयंसेवकांच्या हातांनी परवडणारी घरं बांधते. घर फुकट मिळत नाही. कुटुंब स्वतःही बांधकामावर राबतं, शिवाय हप्ते फेडतं. घरात चाकाची खुर्ची वापरणारं कुणी असेल तर नकाशाच बदलतो. दारातली पायरी जाते. उतार द्यावाच लागला, तर फूटभर चढायला १२ फूट लांबीचा. दारातून किमान ३२ इंच मोकळी वाट, खुर्ची वळायला पाच फुटांची जागा. मागाहून भिंती फोडण्यापेक्षा हे आधीच केलेलं केव्हाही स्वस्त. खरी हुशारी न्हाणीघरात दिसते: भिंत बंद करण्याआधी आतल्या चौकटीत लाकडी ठोकळे ठोकून ठेवतात, म्हणजे पुढे आजीला आधाराचा दांडा लागला की तो थेट त्यावर घट्ट बसवता येतो.