प्रमुख वक्त्याकडून काय ऐकायचं?

राहुल द्रविड १४ डिसेंबर २०११ रोजी कॅनबेरात ब्रॅडमन व्याख्यान द्यायला उभा राहिला, तेव्हा स्वतःबद्दल सांगण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं. त्या वर्षी कसोटीत सर्वाधिक धावा त्याच्याच नावावर होत्या. काही महिन्यांपूर्वी भारत इंग्लंडमध्ये चारही कसोटी हरला, पण त्या पडझडीतही त्याने तीन शतकं काढली होती. हे व्याख्यान देण्याचा मान मिळालेला तो पहिला परदेशी क्रिकेटपटू होता. ‘मी कसा घडलो’ एवढा एकच विषय घेऊन त्याने सभा सहज जिंकली असती. त्याऐवजी त्याने सुरुवात केली ती ज्या वास्तूत तो उभा होता तिथून. कार्यक्रम ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकात होता. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांची पहिली कसोटी १९४७ साली झाली. त्याच्या कितीतरी आधी गॅलिपोलीपासून उत्तर आफ्रिकेपर्यंत दोन्हीकडचे सैनिक एकाच बाजूने लढले होते, याची त्याने आठवण करून दिली. नंतर तो भारतीय ड्रेसिंग रूमकडे वळला. त्याच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात एक गोलंदाज उत्तर प्रदेशचा होता, त्याला फक्त हिंदी येत होती. दुसरा केरळचा, त्याला फक्त मल्याळम. एकमेकांचा एक शब्द कळत नसताना या दोघांनी एका सामन्यात शंभर धावांची भागीदारी रचली. हा देश क्रिकेटमधून एकमेकांना कसा भेटतो, हे सांगायला द्रविडला याहून मोठं काही लागलं नाही.

पण ते व्याख्यान आजही वाचावंसं वाटतं ते पुढच्या भागामुळे. यजमान, प्रायोजक आणि खेळाडू यांना रुचणार नाही असं बरंच काही त्यात आहे. थोड्याच दिवसांपूर्वी भारतात इंग्लंडविरुद्ध झालेल्या एकदिवसीय सामन्यांत खुर्च्या रिकाम्या राहिल्या होत्या. त्या त्याने नजरेआड केल्या नाहीत; प्रेक्षकाला गृहीत धरू नका, असं बजावलं. निरर्थक एकदिवसीय मालिका कमी करा, कसोटी अजिंक्यपद सुरू करा, कसोटी दिवस-रात्र खेळवून पाहा, असं सुचवलं. फिक्सिंगबद्दल बोलताना त्याने कायद्याच्या किंवा मंडळाच्या मागे आडोसा शोधला नाही. खेळाची अब्रू राहावी म्हणून खेळाडूंनी आपल्या खासगीपणाचा काही भाग सोडावा, आर्थिक व्यवहार तपासू द्यावेत, गरज पडल्यास लाय डिटेक्टर चाचणीलाही तयार राहावं, असं तो म्हणाला. ही मागणी करणारा स्वतः अजून खेळत होता, म्हणजे ती त्यालाही लागू होती. पुढे पहिली दिवस-रात्र कसोटी २०१५ साली ॲडलेडला झाली आणि कसोटी अजिंक्यपद स्पर्धा २०१९ मध्ये सुरू झाली. या कल्पना एकट्या द्रविडच्या नव्हत्या, त्यांचं श्रेय त्याला देण्यात अर्थ नाही. मात्र त्याची मतं काळाच्या कसोटीवर घासून पाहता येतात, कारण त्याने घासून पाहता येईल असं काही सांगितलं होतं.

खेळाडू, पत्रकार, उद्योजक आणि सामाजिक कार्यकर्ते आज परिषदांपासून महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत सगळीकडे बीजभाषणासाठी बोलावले जातात. त्यांच्याकडून आपण नेमकं काय मागतो? बहुतेकदा यशाचं गुपित. माझं म्हणणं असं की ही मागणीच चुकीची आहे. यशस्वी माणूस यशाचा जाणकार असतोच असं नाही. तो आपल्या कामाचा साक्षीदार मात्र नक्की असतो. साक्षीदाराला कोणी उपदेश विचारत नाही. काय पाहिलंस, काय केलंस, कुठे अडलास, एवढंच विचारतात, आणि त्याची उलटतपासणी करता येते. वक्त्याची निवड आणि त्याच्या भाषणाचं मोल या दोन्ही गोष्टी याच मापाने ठरायला हव्यात.

उपदेश का नको, याचं कारण साधं आहे. व्यासपीठ फक्त जिंकलेल्यांना मिळतं. स्टीव्ह जॉब्झचं १२ जून २००५ चं स्टॅनफर्डमधलं भाषण जगभर पुन्हा पुन्हा ऐकलं जातं. रीड कॉलेजचं शिक्षण त्याने पहिल्या सहा महिन्यांतच सोडलं, हे त्यात आहे, आणि त्यावरून ‘पदवीवाचून काही अडत नाही’ असा निष्कर्ष काढणारे आजही भेटतात. तसंच कॉलेज सोडून ज्यांचं काहीच जमलं नाही, त्यांना दीक्षान्त समारंभाचं निमंत्रण जात नाही. त्यांची बाजू ऐकायलाच न मिळाल्यामुळे आपला हिशेब कायम एकतर्फी राहतो. त्याच भाषणातला सुलेखनाच्या वर्गाचा भाग मात्र भक्कम आहे. अक्षरांमधली अंतरं, वळणं यांचा अभ्यास त्याने कुठे केला आणि तो मॅकिन्टॉश संगणकाच्या पडद्यावर कसा उतरला, ही घडलेली आणि पडताळता येणारी गोष्ट आहे. एकाच माणसाच्या एकाच भाषणात साक्षही असते आणि सल्लाही. ऐकणाऱ्याला दोन्ही वेगळे करता यायला हवेत.

मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण या दृष्टीने फार बोलकं आहे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या कामाचे प्रतिनिधी व्यवस्थापनाच्या संस्थांमधून व्याख्यानं देऊ लागले, हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० साली त्यांच्यावर अभ्यासप्रकरण तयार केलं. या व्याख्यानांच्या प्रस्तावनेत ‘फोर्ब्ज’ने दिलेल्या सिक्स सिग्मा प्रमाणपत्राचा उल्लेख हटकून होतो. ‘फोर्ब्ज’ हे नियतकालिक आहे. त्याने १९९८ साली डबेवाल्यांवर कौतुकाचा लेख छापला, पण नियतकालिकं गुणवत्तेची प्रमाणपत्रं वाटत नाहीत. आणि खरं सांगायचं तर या माणसांना त्या बिरुदाची गरजही नाही. डब्याच्या झाकणाकडे नीट पाहिलं तरी पुरे. मधोमध ठळक आकडा, तो डबा शहराच्या कोणत्या भागात जायचा ते सांगतो. कडेला लहान अक्षरांत तो पोचवणाऱ्या माणसाचा क्रमांक, इमारतीची खूण आणि मजला. डबा कुठल्या स्टेशनवरून निघाला ते रंगावरून आणि खुणेवरून कळतं. कुणाच्या घरचा, हे मात्र झाकणावर कुठेच लिहिलेलं नसतं, कारण सकाळी तो उचलणाऱ्याला आपली घरं तोंडपाठ असतात. जे माणसाच्या डोक्यात पक्कं बसलं आहे, त्याच्यासाठी झाकणावरची जागा अडवायची नाही, असा हा विचार आहे. प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जादा ठेवलेली असतात. लोकल स्टेशनवर अर्ध्या-पाऊण मिनिटापेक्षा जास्त थांबत नाही, तेव्हा एखादा आजारी पडला किंवा डब्यांची चळत उशिरा आली, तर या जादा हातांवरच सगळं निभावतं. कारखाना चालवणाऱ्याला, रुग्णालयातल्या पाळ्या लावणाऱ्याला इथून खरोखर काही उचलता येतं. ‘मेहनत आणि निष्ठा’ हे शब्द ऐकून काय उचलायचं? आणि साक्ष पुरती ऐकायची तर २०२० च्या टाळेबंदीत कार्यालयं बंद पडली, डबे थांबले, त्यानंतरचा काळही त्यांना विचारायला हवा. घड्याळासारखी चालणारी व्यवस्था गिऱ्हाईक नाहीसं झाल्यावर किती हतबल होते, हे त्यांच्याइतकं कोण सांगू शकेल?

यावर पहिला आक्षेप असा येतो की लोक सभेला तपशील गोळा करायला येत नाहीत, उमेद घ्यायला येतात. आक्षेप खरा आहे आणि मला तो हलका वाटत नाही. अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या सिंधुताई सपकाळ यांच्या भाषणांना लोटणारी गर्दी व्यवस्थापन शिकायला येत नव्हती. पण त्यांच्या बोलण्यातली ताकद नीट पाहिली तर ती तपशिलातूनच येत होती. नवऱ्याने घराबाहेर काढणं, गोठ्यातलं बाळंतपण, स्मशानातली रात्र, रेल्वेत गाणी म्हणून मागितलेली भीक, हे सगळं त्या थेट, नाव-गाव घेऊन सांगत. ‘संकटांवर मात करा’ असं नुसतं म्हणणाऱ्या वक्त्याचं वाक्य सभागृहाबाहेर पडेपर्यंत विरून जातं. सिंधुताईंचा एकेक प्रसंग मात्र ऐकणाऱ्यांना वर्षानुवर्षं आठवतो. म्हणजे उमेद आणि तपशील यांच्यात भांडण नाही.

दुसरा आक्षेप मानधनाचा. पैसे घेऊन बोलणारा खरं कशाला बोलेल? इथेही सिंधुताईंनाच पुढे करतो. भाषण संपलं की त्या भर सभेत पदर पसरत, मुलांचं जेवण याच्यावर चालतं हे उघड सांगत. सासवडजवळ कुंभारवळण इथल्या ममता बाल सदनासह त्यांच्या संस्था उभ्या राहण्यात या भाषणांचा वाटा मोठा आहे. पैसा घेणं हा दोष नव्हे. कशासाठी घेतला हे झाकणं आणि देणाऱ्याला सोसेल तेवढंच बोलणं, हा दोष. पी. साईनाथ यांच्यासारखा पत्रकार जनगणनेचे आणि गुन्हे नोंदणीचे सरकारी आकडे हातात घेऊन विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर बोलतो, तेव्हा समोर मंत्री बसलेत की विद्यार्थी, याने आकडे बदलत नाहीत. त्याचे निष्कर्ष कोणाला पटत नसतील तर तेच आकडे काढून वाद घालता येतो, आणि तसा वाद झालेलाही आहे.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे: उत्तम काम करणाऱ्या प्रत्येकाला बोलता येत नाही, आणि केवळ साक्ष मागितली तर सभा कंटाळेल. याला उत्तर आपल्याकडेच आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून महाराष्ट्राला दीर्घ, मुद्देसूद व्याख्यान ऐकण्याची सवय आहे. गावोगावच्या व्याख्यानमाला अजूनही त्यावर तग धरून आहेत. हा श्रोता तपशिलाला कंटाळत नाही, पोकळ बोलण्याला कंटाळतो. ज्याला सलग बोलता येत नाही त्याची मुलाखत घ्यावी, आणि मुलाखतकाराने अभ्यास करून यावं. खेळाडूला जिंकलेल्या सामन्याइतकंच हरलेल्या मालिकेबद्दल विचारावं. द्रविडच्याच बाबतीत, त्या व्याख्यानानंतर सुरू झालेल्या ऑस्ट्रेलियाच्या मालिकेत भारत ०-४ असा हरला, आठ डावांत तो सहा वेळा त्रिफळाचीत झाला आणि मार्च २०१२ मध्ये निवृत्त झाला. त्याच्या भाषणातला एकही मुद्दा त्यामुळे खोटा ठरला नाही.

आयोजकांच्या हातात तर बरंच आहे. कार्यक्रमपत्रिकेत दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मान्यवरांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय समारोप आणि आभार यांना ठरलेली वेळ असते. प्रश्नोत्तरांना उरला तर वेळ. उद्योजकाला ‘पहिली दोन वर्षं पगार कशातून दिलेत?’ असं विचारू पाहणारा विद्यार्थी हात वर करतो, तोवर पसायदान सुरू झालेलं असतं. पाहुण्याचा परिचय छापून वाटावा, सत्कार दोन मिनिटांत आटपावा, आणि वाचलेला अर्धा तास त्या विद्यार्थ्याला द्यावा.