नॉर्मल रिपोर्टनंतर

घोडेगावचा जनावरांचा बाजार आणि कांद्याचे लिलाव साऱ्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याला ठाऊक आहेत. या परिसरात काय किंवा राज्यातल्या कुठल्याही गावात काय, नैराश्य स्वतःचे नाव सांगत दवाखान्यात येत नाही. डोके जड पडते, झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, कशात जीव रमत नाही, अशा तक्रारी असतात. गोळ्यांनी गुण आला नाही की घरचेच म्हणतात, ‘एकदा डोक्याचा एमआरआय करून टाकू.’ पैसे जमवून तपासणी होते आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. मग ‘याला काही झालेलं नाही, उगाच मनाला लावून घेतो’ असे घरात ठरून जाते, आणि तो माणूस आणखीच गप्प होतो.

असे ठरवणे साफ चूक आहे. साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: गाठ, रक्तस्राव, सूज. नैराश्यात मेंदूत बदल होतात, पण ते एका माणसाच्या फिल्मवर डोळ्यांना दिसावेत एवढे ठळक नसतात. 2016 साली ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने नैराश्याचे 1,728 रुग्ण आणि 7,199 निरोगी माणसे यांचे स्कॅन एकत्र तपासले. स्मरणाशी संबंध असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग रुग्णांमध्ये सरासरीने किंचित लहान आढळला. हजारोंची सरासरी काढली तेव्हा कुठे हा फरक हाती लागला. 2022 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी 1,809 जणांच्या मेंदूची रचना आणि कार्य वेगवेगळ्या पद्धतींनी मोजले. आजारी आणि निरोगी गटांची मापे 87 ते 95 टक्के एकमेकांत मिसळलेली निघाली. कोण आजारी हे एकेका मापावरून ओळखण्याचा अंदाज 54 ते 56 टक्केच बरोबर आला. छापा-काटा केला तरी निम्मे बरोबर येतातच.

आत्महत्येच्या धोक्याबाबत तर अधिकच जपून बोलायला हवे. 2017 साली अमेरिकेतल्या मार्सेल जस्ट आणि डेव्हिड ब्रेंट यांच्या निबंधाची जगभर बातमी झाली. एफएमआरआय यंत्रात माणसाला झोपवून ‘मृत्यू’, ‘क्रूरता’, ‘निश्चिंत’, ‘प्रशंसा’ असे शब्द एकेक करून दाखवायचे आणि त्यांवर विचार करायला सांगायचे. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे प्राणवायूयुक्त रक्त जास्त पोहोचते, रक्ताचा चुंबकीय गुण किंचित बदलतो आणि यंत्र तो टिपते. या नोंदींवरून संगणकाने आत्महत्येचे विचार असलेले 17 आणि नसलेले 17 जण 91 टक्के अचूकतेने वेगळे केले, असा दावा होता. पुढे इतर शास्त्रज्ञांनी त्यातली खोट दाखवली. संगणकाला काय बघायचे हे ज्या नोंदींवरून ठरवले, त्याच नोंदींवर त्याची परीक्षा घेतली होती. पेपर आधीच फुटलेला असेल तर गुणांना काय अर्थ? 2023 मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. दाव्याची बातमी झाली तेवढी माघारीची झाली नाही, याचे मला वाईट वाटते.

तरीही मेंदूच्या प्रतिमांनी मोठे काम केले आहे. मेंदूतज्ज्ञ हेलन मेबर्ग यांनी कपाळामागे खोलवर असलेल्या ‘क्षेत्र 25’ कडे लक्ष वेधले. झोप, भूक आणि ऊर्जा सांभाळणाऱ्या केंद्रांशी हा भाग जोडलेला आहे. तीव्र नैराश्यात तो जास्त चालतो आणि उपचार लागू पडला की शांत होतो, असे त्यांच्या अभ्यासांत दिसले. कुठल्याच उपायाने बरे न झालेल्या सहा रुग्णांच्या मेंदूत त्यांच्या गटाने तिथे विजेच्या बारीक तारा बसवल्या; चौघांना टिकाऊ आराम पडला. तो निबंध 2005 चा. झोप उडणे आणि भूक मरणे ही नाटके नाहीत, याला यापेक्षा ढळढळीत पुरावा कोणता हवा?

पण धोका ओळखायचा कसा? 2022 मध्ये महाराष्ट्रात 22,746 आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत 4,248 जण शेतीवर जगणारे होते. प्रत्येकामागे कारणांचा गुंता असतो. एकट्या कर्जावर किंवा एकट्या मेंदूवर बोट ठेवता येत नाही. आज सर्वांत उपयोगी साधन म्हणजे आपुलकीने केलेली विचारपूस. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, कामात मन लागले का, असे नऊ प्रश्न असलेली एका कागदाची प्रश्नावली जगभर वापरतात. नववा प्रश्न थेट मरणाच्या विचारांबद्दल असतो. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उलट, बरेच जण मोकळे होतात.

अशा विचारपुशीचा उपयोग होतो, याचा पडताळा विदर्भात आला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत राहुल शिधये, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमार्फत लोकांशी बोलणे, प्राथमिक मानसिक आधार देणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवणे सुरू केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी 4.3 टक्के होते, दीड वर्षाने ते 27.2 टक्के झाले. एकही स्कॅन न काढता.

घरात कोणी मरणाची भाषा करत असेल, निरवानिरव करत असेल, तर त्याला एकटे सोडू नका, त्याच्याजवळ बसून स्पष्ट विचारा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. शेतीची औषधे कुलपात ठेवा. ‘टेली-मानस’चा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो आणि मराठीत बोलता येते.