घाम गाळायचाच, तर बागेत गाळा

जिममधल्या पट्ट्यावर तासभर धावलं तरी माणूस जागच्या जागी, आणि त्या घामातून कुणाचं काडीचं काम होत नाही. लंडनच्या आयव्हो गॉर्मली यांना हे खटकलं. धावायचंच आहे तर कुणाकडे तरी जाऊ, म्हणून ते एका म्हाताऱ्या गृहस्थांना वर्तमानपत्र द्यायला धावत जाऊ लागले. त्यातून २००९ साली पूर्व लंडनमध्ये ‘गुडजिम’ सुरू झालं. ठरलेल्या संध्याकाळी जमायचं, धावत कामाच्या जागी जायचं, अंगमेहनत करायची आणि धावतच परतायचं, ही त्याची रीत.

मी पश्चिम लंडनमधल्या अशाच धर्तीच्या एका गटात आहे. मूळची सांगलीची, पोटापाण्याला हिशेब तपासते. आई फोनवर विचारते, “तू पळायला जातेस की भांगलायला?” दोन्हीला, असं सांगितलं की ती बाबांकडे फोन देते.

आमची भांगलण चालते ती गनर्सबरी पार्कमध्ये. ॲक्टन टाउन स्टेशनपासून चालत जाण्याजोगं. अठराव्या शतकात राजा दुसरा जॉर्ज याची मुलगी अमेलिया इथे उन्हाळा घालवायची. १८३५ मध्ये नेथन रॉथशिल्ड या बड्या सावकारानं ही मालमत्ता घेतली. त्या घराण्याच्या पदरी माळ्यांची फौज होती. जेम्स हडसन या मुख्य माळ्यानं १९०१ मध्ये इथे जपानी बाग उभी केली. पुढे १९२५ साली घराण्यानं जागा विकली आणि १९२६ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. राजकन्येच्या हिरवळीवर आता पोरं फुटबॉल खेळतात. मला हे फार आवडतं.

अशा बागेची खरी अडचण मात्र तिथूनच सुरू होते. फौज गेली, जमीन राहिली. सुमारे पाऊणशे हेक्टर! राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून आणि इतर पैशातून मोठं काम झालं, २०१८ मध्ये वाड्यातलं संग्रहालय नव्यानं उघडलं. पण असा निधी छप्पर, भिंती, तळी यांना मिळतो. दर आठवड्याला उगवणाऱ्या तणाला कोण देणार? ते काम पगारी माळी उपसतात, आणि त्यांच्या हाताखाली आमच्यासारखे स्वयंसेवक.

आमचा मुख्य शत्रू म्हणजे काटेरी ब्लॅकबेरी. तिची लांब फांदी कमान करून झुकते, टोक मातीला टेकतं आणि तिथेच मूळ धरतं. तिथून नवं झुडूप. म्हणून वरवर छाटून भागत नाही. आधी सिकेटरनं फांद्या गुडघ्याइतक्या ठेवून कापायच्या, मग बुंध्याभोवती फोर्क घालून माती सैल करायची आणि मुळाचा गड्डा अख्खा बाहेर काढायचा. गड्डा राहिला की पुन्हा फुटवा आलाच. जाड हातमोज्यांतूनही काटे लागतात. हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो. तेव्हा डोक्याला बॅटरी बांधून एकचाकी गाडीनं झाडाच्या सालीचा भुसा वाहायचा आणि वाफ्यांवर पसरायचा. पसरायचा, पण खोडाला टेकू द्यायचा नाही. ओल धरून साल कुजते.

धावणाऱ्यांचा एक दुर्गुण आहे: आम्हाला प्रत्येक कामात वेळ मोजायची असते. पाच जण एका झुडपावर तुटून पडले की तिथली माळीणबाई हात वर करून थांबवते. काय करू नये, हेच तिच्याकडून जास्त शिकायला मिळालं. मार्च ते ऑगस्ट हा पक्ष्यांच्या विणीचा काळ. तेव्हा दाट कुंपणांना हात लावायचा नाही, वापरातलं घरटं मोडणं इथे कायद्यानं गुन्हा आहे. जपानी नॉटवीड दिसलं तर उपटायचं नाही, सांगायचं. त्याच्या खोडाच्या बारीकशा तुकड्यातूनही नवं रोप उभं राहतं.

दुर्लक्षाचा शेवट काय होतो, ते लंडनच्या मराठी माणसाला लांब जाऊन पाहायला नको. महाराष्ट्र मंडळाची वास्तू ज्या डॉलिस हिल भागात आहे, तिथल्या ग्लॅडस्टन पार्कमध्ये डॉलिस हिल हाऊस होतं. पंतप्रधान ग्लॅडस्टन तिथे पाहुणे म्हणून येत. १९०० च्या उन्हाळ्यात मार्क ट्वेन तिथे राहिला. १९९० च्या दशकात घराला आगी लागल्या, दुरुस्तीचा पैसा जमला नाही, २०१२ मध्ये ते पाडलं. पार्क आहे, घर गेलं. आमच्यासारख्या गटांमुळे ते वाचलं असतं असं मी म्हणणार नाही. जळकं छप्पर सिकेटरनं दुरुस्त होत नाही. आमचा उपयोग त्याच्या आधी, घर आणि आवार धड असताना.

पुण्यामुंबईतल्या धावणाऱ्या मंडळींना हे करून पाहावंसं वाटलं, तर एखादा वाडा किंवा गढी निवडा, पण आधी मालकाची लेखी परवानगी घ्या. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची. आणि जुन्या भिंतीतून उगवलेला पिंपळ ओढून काढायला जाऊ नका. त्याची मुळं दगडांच्या सांध्यांत शिरलेली असतात. रोपाबरोबर भिंतही खाली येते.